बाळसे आणि सूज : पोषण-प्रशिक्षणाच्या भाषेचा इतिहास

‘ही सूज आहे, बाळसे नव्हे’ असे मराठी लेखक संस्थांविषयी, चळवळींविषयी आणि क्वचित वाङ्मयाविषयीही म्हणत आले आहेत. रूपक सर्वांच्या परिचयाचे आहे. तथापि ज्या ठिकाणाहून ते आले, त्या बाळाच्या देहाविषयी हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. तेथे जे जे भरलेले दिसले ते बाळसेच, असे आपण गृहीत धरले. आज अंगणवाडीतील सेविकेने कुटुंबांना मुलांच्या स्थूलतेविषयीही समुपदेश करावा, अशी अपेक्षा केली जात आहे. हे काम तिला अवघड जाते, आणि त्याचे कारण केवळ माहितीचा अभाव हे नाही. पन्नास वर्षे तिला जी भाषा शिकविली गेली, त्या भाषेत या समुपदेशाला जागाच नव्हती, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम मूळ शब्दसंपत्ती पाहू. ‘बाळसे’, ‘बाळसेदार’, ‘गुटगुटीत’, ‘गुबगुबीत’, ‘अंगाने भरलेले’, ‘खात्यापित्या घरचे’ हे सारे शब्द प्रशंसेचे होत. उलट बाजूला ‘हडकुळे’, ‘रोडके’, ‘किरकिरे’ हे निंदेचे किंवा कीव दर्शविणारे आहेत. या दोहोंमध्ये उभा राहणारा, प्रकृतीने ठीक पण अंगाने बारीक अशा मुलासाठी वापरता येईल असा आदराचा शब्द सहजी सापडत नाही. क्रियापदाकडे पाहिले तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. मुलाला आपण ‘भरवितो’. ‘भरविणे’ हे ‘भरणे’ या धातूचे प्रयोजक रूप. त्याच धातूपासून ‘पोट भरले’ आणि ‘अंग भरले’ हे दोन्ही प्रयोग सिद्ध होतात. पोट भरल्याचे मूल सांगते, अंग भरल्याचे आई पाहते, आणि पहिल्यापेक्षा दुसऱ्याला घरात अधिक मान असतो. म्हणून मुलाने तोंड फिरविले तरी चिऊकाऊच्या नावाने आणखी दोन घास जातात.

ही दृष्टी निराधार होती असे मात्र नाही. ज्या समाजात अर्भकमृत्यू ही घरोघरची गोष्ट होती, तेथे अंगावर चढलेले मूठभर मांस हीच जगण्याची हमी होती. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सार्वजनिक आरोग्यप्रचारानेही या दृष्टीला बळ दिले. १९२४ मध्ये लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशात बालसप्ताह सुरू झाला, आणि बालकांच्या प्रदर्शनांना व बक्षिसांना प्रतिष्ठा आली. पुढे ‘सुदृढ बालक स्पर्धा’ या नावाने ही प्रथा महाराष्ट्राच्या गावोगावी रुळली. डोंगरे बालामृताच्या जाहिरातींनी तर गुटगुटीत बाळाचे चित्र मराठी मनावर असे ठसविले की ‘डोंगरे बालामृताचे बाळ’ ही उपमाच होऊन बसली. सुदृढ म्हणजे वजनदार, हे समीकरण येथे पक्के झाले.

आता प्रशिक्षणाकडे वळू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यातून मुलांच्या अंगणात जाऊन भरविलेल्या बालवाडीसाठी ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा हा शब्द तिच्याबरोबर साऱ्या देशात पसरला. परंतु शब्दाबरोबर त्याचा आशय पूर्णपणे गेला नाही. कोसबाडच्या अंगणवाडीचे केंद्र मुलाचा खेळ व शिक्षण हे होते. योजनेतील अंगणवाडीच्या केंद्रस्थानी हळूहळू वजनकाटा आला.

त्या काट्याची मोजपट्टी १९७२ ची होती. त्या वर्षी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हार्वर्ड येथील प्रमाणित वजनाच्या आधारे बालकांच्या चार श्रेणी ठरविल्या. अपेक्षित वजनाच्या ७१ ते ८० टक्के वजन असल्यास पहिली श्रेणी, ६१ ते ७० टक्क्यांस दुसरी, ५१ ते ६० टक्क्यांस तिसरी आणि ५० टक्के वा त्याहून कमी असल्यास चौथी. या मोजणीचे वैशिष्ट्य असे की तिच्या सर्व पायऱ्या खाली उतरणाऱ्या आहेत. ८० टक्क्यांच्या वर जे काही आहे ते ‘साधारण’. वर किती वर, हा प्रश्न तिला नव्हता. सेविकेने शिकलेली वाक्येही त्याच आकाराची झाली : वजन घटले, वजन थांबले, वजन वाढवा.

१९७२ हे वर्ष मराठवाड्याच्या स्मरणात दुसऱ्याच कारणासाठी राहिले आहे. त्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर सुकडी वाटली गेली, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो लोकांनी खाल्ली. त्या वेळी पाच-सात वर्षांची असलेली मुलगी आज साठीच्या आसपासची आजी आहे, आणि बहुतेक घरांत नातवंडाला काय भरवावे याचा अंतिम निर्णय तिचाच असतो. नातवाच्या गालांकडे पाहून तिला जे समाधान वाटते, त्यामागे एक दुष्काळ उभा आहे. समुपदेशाचे कोणतेही पाठ्यपुस्तक हे लक्षात न घेता लिहिले गेले तर ते त्या घराच्या उंबरठ्यावरच थांबेल.

या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच शहरात घडले. औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) विभागीय आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात बालकुपोषणाविरुद्ध जो उपक्रम हाती घेतला, त्याच्या अनुभवातून २००५ मध्ये राज्य शासनाने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले. त्याचे मुख्यालय येथेच होते आणि रमणी हेच त्याचे पहिले महासंचालक झाले. प्रत्येक बालकाचे वजन झालेच पाहिजे आणि तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील मूल कागदावर लपता कामा नये, यावर मिशनचा भर होता. पुढे तीव्र कुपोषित मुलांसाठी गावातच ग्राम बालविकास केंद्रे चालविण्याची पद्धत राज्यात रूढ झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये केलेल्या राज्यव्यापी पाहणीत दोन वर्षांखालील बालकांतील खुजेपणाचे प्रमाण सुमारे २३ टक्के आढळले. २००५-०६ मध्ये ते सुमारे ३९ टक्के होते. या यशाचे श्रेय अनेक कारणांना द्यावे लागेल, परंतु सेविकांच्या प्रशिक्षणाला त्यातून वगळता येणार नाही. ‘वजन वाढवा’ ही भाषा त्या काळाची गरज होती आणि तिने मुले वाचविली.

अडचण यापुढची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवे वाढमानक प्रसिद्ध केले आणि २००८ मध्ये भारताने ते अंगणवाड्यांसाठी स्वीकारले. श्रेणी गेल्या, हिरवा, पिवळा व नारिंगी पट्टा आला. पाठोपाठ ‘सॅम’ आणि ‘मॅम’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे शब्द सेविकांच्या बोलण्यात इतके मुरले की ‘सॅमचे बाळ’ हा प्रयोग आता मराठीच झाला आहे. खालच्या टोकाला अशी नावे मिळाली. वरच्या टोकाला उंचीच्या मानाने वजन मध्यापासून दोन प्रमाण विचलनांहून अधिक असल्यास मूल अतिवजनाचे व तीनहून अधिक असल्यास स्थूल, अशी व्याख्या मानकांत आहे. परंतु बोलीत तिला नाव मिळाले नाही. शिवाय वयानुसार वजनाच्या तक्त्यावर उंच मूल आणि जाड मूल वेगळे ओळखू येत नाही. त्यासाठी उंची मोजावी लागते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात उंची मोजण्याची साधने अंगणवाड्यांना पुरविण्यात आली, हे या दृष्टीने महत्त्वाचे होय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. त्याच दुसऱ्या पाहणीत ३५.२ टक्के बालके खुजी आणि २५.६ टक्के कृश आढळली. म्हणजे सेविकेसमोर आजही दर चौथे मूल उंचीच्या मानाने कृश आहे. तिने वजन वाढविण्याची भाषा टाकून द्यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच गल्लीत आता असेही एक मूल आहे, ज्याच्या घरी तीच भाषा अपाय करील.

या दोन मुलांना परस्परविरोधी समजणे हीही चूक ठरेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्याचा एक निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली मुले वजनाने, स्नायूंनी लहान होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाहेरून रोडके दिसणारे मूल आतून स्थूलतेकडे झुकलेले असू शकते, हा त्याचा अर्थ. डोळ्याला दिसणारे बाळसे हा पोषणाचा पुरावा होऊ शकत नाही, हे यातून सिद्ध होते. उंची वाढू न देता केवळ वजन वाढविणारा आहार, उदाहरणार्थ बिस्किटांचे पुडे व गोड पेये, कृश मुलालाही हिताचा नाही.

एप्रिल २०२५ मधील पोषण पंधरवड्यात मुलांच्या स्थूलतेला आळा घालणे हा एक विषय म्हणून शासनाने घोषित केला. विषय आला, आता त्याला शब्द हवेत. ‘लठ्ठ’ हा शब्द शिवीच्या जवळ जातो. आईसमोर तो उच्चारला की संवाद संपतो. ‘स्थूल’ ग्रंथांतला आहे. ‘अतिपोषण’ हा तर सर्वांत घातक, कारण तो पोषण जरा जास्तच चांगले झाले असा भास निर्माण करतो. ‘कु’ या उपसर्गात जी धोक्याची सूचना आहे ती ‘अति’मध्ये नाही. ‘काकू, तुमचा नातू जास्त भरलाय’ असे सेविका म्हणाली, तर ‘बाई, माझ्या लेकराला दृष्ट लावू नकोस’ हे उत्तर ठरलेले आहे. यात आजीचे अज्ञान पाहण्यापेक्षा सेविकेने निवडलेला शब्द पाहावा. ‘भरलाय’ ही त्या घरात स्तुती आहे, आणि स्तुतीला दृष्ट लागते.

म्हणून प्रशिक्षणात तीन गोष्टींना स्थान मिळावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिली, मुलाला विशेषण न लावता मापाविषयी बोलणे : ‘चार महिन्यांत वजन इतके वाढले, उंची मात्र वाढली नाही’ हे वाक्य कोणालाही लागत नाही आणि तक्त्यावर दाखविता येते. दुसरी, सांगण्यापूर्वी विचारणे : दिवसभरात मूल कोणाकडे असते, ‘खाऊ’ म्हणून त्याला काय मिळते, तो कोण आणतो. पूर्वी ‘खाऊ’ म्हणजे लाडू, खजूर किंवा शेंगदाणे-गूळ. आज त्या शब्दात दुकानातला रंगीत पुडा शिरला आहे, आणि शब्द तोच राहिल्याने बदल ध्यानात आलेला नाही. तिसरी, ‘पोट भरले’ या मुलाच्या वाक्याला घरात पुन्हा मान मिळवून देणे. मुलाने तोंड फिरविले म्हणजे घास थांबवावा, हा सल्ला कृश मुलाच्या आईला घाईने देऊ नये. तिला कारण शोधण्यास मदत करावी. कोणत्या घरी काय बोलावे हा विवेक हेच प्रशिक्षणाचे खरे फळ होय.

१९७२ च्या आजीला तिची भीती खोटी होती असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिने नातवासाठी जे मागितले ते जगणे होते, आणि सेविकेचेही मागणे तेच आहे. दोघींना एका बाजूस उभे करील अशी मराठी घडविणे हे आहारशास्त्राइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही काम आहे.