मेंढरांचें वर्ष

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत इ. स. १७९२ हें साल 'मेंढरांचें वर्ष' या नांवानें लोकांच्या स्मरणांत राहिलें आहे. त्या वर्षीं रॉस परगण्यांतील कुळांनीं बाहेरून आणलेलीं हजारों मेंढरें एकत्र करून मुलखाबाहेर हांकण्यास आरंभ केला, आणि सरकारनें सैन्य पाठवून तो प्रयत्न मोडून काढला. मुक्या जनावरावर शेतकऱ्यांचा एवढा राग कां असावा, असा प्रश्न वाचकांच्या मनांत सहज येईल. त्याचें उत्तर आम्हांस राजकारणापेक्षां गवतांत सांपडतें.

पूर्वीं हे लोक काळीं गुरें पाळीत. उन्हाळ्यांत डोंगरावरील कुरणांत झोंपड्या घालून राहावें व हिंवाळ्यांत खोऱ्यांतील आपल्या शेतांकडे परतावें, असा त्यांचा क्रम असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत दक्षिणेकडील वाढत्या शहरांतून मांसाची व लोंकरीची मागणी वाढली. शेव्हियट जातीचे खच्ची केलेले मेंढे डोंगरी गवतावर तीनएक वर्षें पोसून विकणारा मक्तेदार कुळांहून पुष्कळ अधिक खंड देऊं लागला. परंतु उन्हाळ्यांत शिखरावर चरणाऱ्या या कळपांस हिंवाळ्यांत खालचें आडोशाचें हिरवें गवत लागे. आणि तें जेथें होतें, तेथेंच माणसांचीं घरें होतीं. डोंगर मोकळा असूनहि खोरें ओस करावें लागलें, तें या कारणानें.

सदरलंडमधील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यांतून १८१४ सालीं कुळें काढण्यांत आलीं. तें काम करणारा कारभारी पॅट्रिक सेलर हाच त्या कुरणाचा मक्तेदार होता! घरें जाळल्याचा व सदोष मनुष्यवधाचा आरोप त्याजवर येऊन १८१६ सालीं इन्व्हर्नेस येथें खटला चालला. पंचांनीं त्यास निर्दोष सोडलें. १८१९ सालीं याहून मोठी हकालपट्टी झाली. कोणी समुद्रकांठच्या तुटपुंज्या जमिनीवर बसले, कोणी कॅनडा गांठला.

जमीनदाराचा प्रतिनिधि जेम्स लॉक यानें १८२० सालीं या कृत्याचें 'सुधारणा' म्हणून समर्थन केलें. त्या खोऱ्यांत नापिकीच्या वर्षीं उपासमार होत असे, हें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. आम्हींहि पुष्कळ वर्षें वर्गांत हें प्रकरण शेतीच्या सुधारणेच्या मथळ्याखालींच शिकवीत आलों. आज तें आम्हांस पुरें वाटत नाहीं. जमिनीचें उत्पन्न वाढलें, हें खरें. परंतु तें कोणाच्या घरीं गेलें, हें विचारल्यावांचून सुधारणेचा हिशेब पुरा होत नाहीं.

पुढें तो नफाहि टिकला नाहीं. ऑस्ट्रेलियाची लोंकर आली. १८८२ सालीं न्यूझीलंडचें गोठविलेलें मांस जहाजानें लंडनास पोंचलें. भाव उतरले, आणि कित्येक कुरणें धनिकांच्या हरणांच्या शिकारीसाठीं राखलीं गेलीं. १८८६ च्या कायद्यानें उरल्यासुरल्या कुळांस जमिनीची शाश्वती मिळाली. मेंढरें गेलीं, कायदा आला. परंतु बहुतेक खोऱ्यांतून माणसें परत आलीं नाहींत.