रिसीव्हर (रेडिओ-नियंत्रित मॉडेलांचा)

रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानात, बोटीत किंवा गाडीत बसवलेला, ट्रान्समीटरचे संदेश पकडून सर्वो मोटरांना हुकूम देणारा भाग. हा हुकूम म्हणजे सुमारे १ ते २ मिलिसेकंदांचा विद्युत्-स्पंद, १.५ मिलिसेकंद झाला की सर्वो मध्यावर. रिसीव्हरांची वर्गवारी सहसा पल्ल्यावरून आणि चॅनेलच्या संख्येवरून होते. खरेदीपुरती ती ठीक. पण संदेश बिघडल्यावर रिसीव्हर काय करतो, हाच प्रकाराप्रकारांतला खरा भेद.

अमेरिकेतल्या ७२ मेगाहर्ट्झ पट्ट्याचे उदाहरण बोलके आहे. तिथे विमानांसाठी २० किलोहर्ट्झ अंतराने ५० वारंवारता-चॅनेल ठेवलेले. सिंगल कन्व्हर्जन रिसीव्हर पकडलेली लहर एकाच टप्प्यात ४५५ किलोहर्ट्झवर उतरवतो. आता मैदानावर दोघांचे ट्रान्समीटर परस्परांपासून २३ चॅनेल दूर असले, तर त्यांच्यातला फरक भरतो ४६० किलोहर्ट्झ, म्हणजे ४५५च्या अगदी जवळ, आणि तो तिसऱ्याच्याच रिसीव्हरमध्ये घुसतो. त्याच्या चॅनेलवर दुसरे कोणी नसतानाही विमान थरथरते. डबल कन्व्हर्जन रिसीव्हर आधी १०.७ मेगाहर्ट्झचा टप्पा घेतो, म्हणून या दोषाला सहसा बळी पडत नाही. तरीही साधा एफएम रिसीव्हर गोंगाटालाही हुकूमच समजतो. पीसीएम (डिजिटल) रिसीव्हर संदेश तपासतो, सदोष वाटल्यास टाकून देतो, शेवटचा चांगला हुकूम धरून ठेवतो आणि मग फेलसेफवर, म्हणजे आधी ठरवून दिलेल्या सुरक्षित स्थितीवर, जातो.

एफएमची थरथर पायलटला आगाऊ इशारा देते, पीसीएम मात्र गप्प राहून ऐनवेळी दगा देतो, असे जुने मॉडेलर म्हणत. यात तथ्य आहे, पण अर्धेच. ती थरथर सुरू होते तेव्हा ताबा सुटू लागलेलाच असतो. आणि इशाऱ्याचे काम आता टेलिमेट्री, म्हणजे विमानातून पायलटकडे परत येणारी माहिती, विमान न हलवता करते.

२००५-०६च्या सुमारास स्पेक्ट्रम कंपनीच्या संचांमुळे २.४ गिगाहर्ट्झ छंदात रुळू लागले. चॅनेल ठरवणारे क्रिस्टल गेले, चॅनेलसाठी वाट पाहणे गेले. रिसीव्हर आपल्याशी ‘बाइंड’ केलेल्या, म्हणजे जोडी जुळवलेल्या, ट्रान्समीटरचेच ऐकू लागला. मग प्रकार पाहायचे कशाला? कारण धोका हटला नाही, त्याने जागा बदलली. इथे तरंगलांबी जेमतेम १२.५ सेंटिमीटर, अँटेनाचे उघडे टोक सुमारे ३१ मिलिमीटर. कार्बन फायबरच्या आड ते बहिरे होते, म्हणून दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात लावतात. शिवाय आत मायक्रोप्रोसेसर असतो: अनेक सर्वोंनी एकदम करंट ओढला आणि व्होल्टेज पडले, की तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सुरुवातीच्या काही संचांना पुन्हा जोडणी व्हायला काही सेकंद लागत; जमिनीलगतच्या विमानाला तेवढे पुरे. या बिघाडाचा दोष बहुधा रेडिओला दिला जातो, प्रत्यक्षात तो बॅटरीचा किंवा बीईसीचा (रिसीव्हर-सर्वोंना वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) असतो.

रिसीव्हर कोणताही असो, पंखा (प्रोपेलर) काढून ट्रान्समीटर बंद करावा आणि मोटर थांबते का ते पाहावे. थांबत नसेल तर फेलसेफ नीट लावल्याखेरीज विमान उडवू नये.