बुलबारची कुळकथा

ऑफरोड गाडीला मागाहून बसवल्या जाणाऱ्या पोलादी बंपरचे मूळ शोधू लागले, की एक वाट ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात जाते. तिथली गुरांची कुरणे अफाट, बरीचशी बिनकुंपणाची. अंधार पडू लागला की कांगारू रस्त्यावर येतात आणि दिव्यांच्या झोतात कुठल्या बाजूला उडी घेतील याचा नेम नसतो. भर वेगात धडक बसली तर पत्रा चेपण्यावर भागत नाही. रेडिएटर फुटतो, आणि पुढची वस्ती दोन-तीनशे किलोमीटरवर असली तर माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून शेतकऱ्यांनी आणि वेल्डिंगवाल्यांनी जाड पाइप वाकवून गाडीपुढे आडोसा उभा केला. तोच ‘रू बार’ किंवा ‘बुलबार’. अँथनी रोनाल्ड ब्राउन यांनी 1975 मध्ये मेलबर्नला एआरबी ही कंपनी काढली, आणि या गावठी जुगाडाचा पुढे रीतसर धंदा झाला.

दुसरी वाट लष्करी जीपची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक रस्त्यावर मानेच्या उंचीला तारा ताणून ठेवत. काच खाली पाडून जीप हाकणाऱ्यांचा गळाच चिरायचा. त्यावर उपाय म्हणून बंपरवर तार तोडणारा उभा लोखंडी अँगल बसवला गेला. याच जीपची जुळणी 1940 च्या दशकाअखेर महिंद्रने मुंबईत सुरू केली. अमेरिकेत वॉर्न कंपनीने 1959 मध्ये हौशी चालकांसाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारी विंच आणली, आणि बंपरवर नवेच काम पडले. चिखलात रुतलेली गाडी विंचने ओढताना सगळा ताण बंपरमधून चॅसिसवर जायला हवा. त्यामुळे जाणकार बंपरचा तोंडवळा नंतर पाहतात, आधी त्याचे ब्रॅकेट आणि बोल्ट तपासतात.

वजन हे या बंपरचे जुनेच दुखणे. पोलादी बार आणि विंच मिळून भार शंभर किलोच्या घरात जाऊ शकतो. मग पुढच्या स्प्रिंगा दबतात आणि त्याही बदलाव्या लागतात. अॅल्युमिनियम हलके, पण महाग. खडकाळ चढावर नाक घासू नये म्हणून दोन्ही टोके छाटलेला आखूड बंपर निघाला. त्यात चाकांपुढची जागा मोकळी राहते, पण तेवढे संरक्षण जाते. कांगारूंच्या मुलखात तो घेण्यात फारसा अर्थ नाही.

एअरबॅग आल्यावर खरी पंचाईत झाली. धडकेत गाडीचा वेग किती झपाट्याने घटतो, हे सेन्सर मोजतो आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरते. ताठ लोखंड मध्ये आले की हा हिशेबच बिघडू शकतो. त्यामुळे ठरावीक धडकेला दबणारे माउंट असलेले, त्या-त्या मॉडेलवर तपासलेले बार बाजारात आले. पादचाऱ्याला मात्र कांगारूसाठी घडवलेला पाइप जीवघेणाच. युरोपीय संघाने 2005 मध्ये अशा बारसाठी चाचण्या घालून दिल्या. भारतात डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 कडे बोट दाखवून बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. त्यामुळे इथे बंपर निवडण्याआधी आरटीओचा नियम पाहावा लागतो.