घरखर्चाच्या कागदांचें मोल

जुन्या दप्तरांचा शोध करणारे आम्ही लोक सनदा, महजर व निवाडपत्रें हातीं लागतांच हर्षित होतों. परंतु त्याच रुमालांत बांधलेलीं घरखर्चाचीं टिपणें, उधारीच्या यादी व कर्जरोखे यांकडे क्वचितच वळतों. या उपेक्षेमुळें इतिहासाचें एक अंग पंगु राहिलें आहे, असें आमचें नम्र मत आहे.

पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाचेंच उदाहरण घेऊं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपाल डॉ. हॅरॉल्ड मान यांनीं या गांवाची पाहणी इ. स. १९१७ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्यांत दर खातेदाराची सरासरी जमीन इ. स. १७७१ मध्यें ४० एकर, १८१८ मध्यें १७॥, १८२० ते १८४० च्या सुमारास १४ व १९१४-१५ मध्यें ७ एकर दिली आहे. पहिला आंकडा जुन्या कागदांवांचून मिळालाच नसता, हें उघड आहे.

परंतु जमीन म्हणजे सुबत्ता नव्हे. म्हणून डॉ. मान यांनीं घरोघरच्या जमाखर्चाचा ताळा घेतला. १०३ कुटुंबांपैकीं केवळ ८ कुटुंबें शेतीवर निभावत होतीं. २८ कुटुंबें बाहेरच्या मजुरीच्या जोडीनें निभावत. बाकी ६७ कुटुंबांचा, आपल्याच राहणीच्या मानानें, मेळ बसत नव्हता. १९२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जातेगांव बुद्रुकच्या पाहणींत हेंच प्रमाण शेंकडा ८५ निघालें. आतां १७७१ च्या ४० एकरांपैकीं पड किती, व्याज किती, लग्नकार्यास शिल्लक किती, याचा असाच ताळा कोण देईल? जमिनीच्या नोंदी येथें मुक्या आहेत.

पेशवाई सुखाची व पुढील काळ कर्जाचा, असें म्हणण्याचा परिपाठ आहे. परंतु पेशवाई संपल्यावर अवघ्या वर्षभरानें, १८१९ मध्यें, डॉ. टॉमस कोट्स यांनीं लोणी गांवाचें वर्णन लिहिलें. त्यांत बहुतेक कुणबी ऋणकोच आढळतात. अर्थात् एका गांवावरून सर्व पेशवाईचा निवाडा करणें हेंही साहसच होईल. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला, तेव्हां रयतेनें सावकारांचीं कर्जखतें हुडकून जाळलीं. तें त्यांच्या दुःखास साजेसेंच होतें. पण पुराव्याच्या दृष्टीनें पाहतां, जीं खतें वांचलीं तीं धनकोच्या पेटींतलीं. ऋणकोची बाजू त्याच्या घरच्या चिटोऱ्यांतच सांपडावयाची.

येथें आमचाही एक अपराध कबूल केला पाहिजे. अनेक वर्षांपूर्वीं एका गृहस्थांनीं आम्हांपुढें मोडी कागदांचा गठ्ठा ठेविला. आम्हीं त्यांतील दोन सनदा तेवढ्या उतरून घेतल्या, आणि किराणा, मजुरी व बाळंतपणाचा खर्च लिहिलेले बंद तसेच बांधून परत केले. पुढील वर्षीं ते मागावयास गेलों, तों ते रद्दींत गेले होते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, असे कागद आढळल्यास गठ्ठ्याचा मूळ क्रम मोडूं नये. गांव, घराणें व शक यांची नोंद वर करावी. आणि धान्याचा भाव, मजुरीचा दर व व्याज हीं टिपून ठेवावींत. राजांची वंशावळ पुष्कळांनीं जपली आहे; रयतेच्या चुलीची हकीकत जपणें आतां आपल्या हातीं आहे.