गाव, नाव आणि जनुक : ‘एनडीएम-१’च्या नामकरणाचा इतिहास

रोगाला गावाचे नाव देण्याची प्रथा वैद्यकाच्या इतिहासात जुनी आहे. त्वचेवरील एका चिवट व्रणाला वसाहतकालीन वैद्यकाने ‘दिल्ली बॉइल’ म्हटले. तशाच व्रणाला अन्यत्र अलेप्पो आणि बगदाद या शहरांची नावे मिळाली होती. १८८५ मध्ये डी. डी. कनिंगहॅम यांनी या व्रणातील परजीवी सूक्ष्मदेहांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा निबंधाच्या शीर्षकातही दिल्लीच होती. ज्या गावात निरीक्षकाला रोग भेटला, ते गाव रोगाचे मूळस्थान ठरत गेले.

सव्वाशे वर्षांनी दिल्लीचे नाव पुन्हा वैद्यकीय परिभाषेत आले. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या मूत्रात २००८ च्या आरंभी क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जीवाणू आढळला. कार्बापेनेम या राखीव मानल्या गेलेल्या प्रतिजैविकांनाही तो दाद देत नव्हता. त्याच्यातील विकर जस्ताच्या साहाय्याने औषधाच्या रेणूतील बीटा-लॅक्टम कडे तोडत असे. डिसेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या विकराला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, संक्षेपाने ‘एनडीएम-१’, असे नाव मिळाले. व्हेरोना आणि साओ पाउलो या शहरांवरूनही अशा विकरांची नावे पूर्वी पडली होती. मात्र वसाहतीच्या स्मृतीमुळे एकाच प्रथेचा अर्थ सर्वत्र एकच राहिला नाही.

मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील चिकित्सकांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आपली निरीक्षणे मांडली. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये त्यांना ‘एनडीएम-१’ आढळले होते. त्याच अंकातील अब्दुल गफूर यांच्या संपादकीयाने प्रतिजैविकांचा मृत्युलेखच लिहिला. इशारा देण्यासाठी मृत्युलेखाचा घाट निवडणे अर्थपूर्ण होते : जे अद्याप पूर्णपणे गेलेले नाही, त्याचा शोक आधीच करून वाचकाला जागे करणे हा त्याचा हेतू होता.

वादळ उठले ते ऑगस्टमध्ये. ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात कार्तिकेयन कुमारसामी आणि सहकाऱ्यांनी चेन्नईतील ४४, हरियाणातील २६, ब्रिटनमधील ३७ आणि भारत-पाकिस्तानातील अन्य ठिकाणच्या ७३ नमुन्यांत हे विकर असल्याचे दाखवले. निबंधात भारतात शस्त्रक्रियेसाठी जाण्याच्या धोक्याचाही उल्लेख होता. वैद्यकीय पर्यटनाला धक्का देण्याचा हा डाव असल्याचा संशय भारतात व्यक्त झाला आणि शासनाने नावाला आक्षेप घेतला. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी नामकरण ही चूक होती असे मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. नाव मात्र टिकले. पुढील प्रकारांना त्याच नावापुढे क्रमांक मिळत गेले.

एप्रिल २०११ मध्ये नवी दिल्लीतील पाण्याची पाहणी प्रसिद्ध झाली. नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि साचलेल्या वा झिरपलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक आढळले. प्रश्न आता रुग्णालयाच्या भिंतींपुरता उरला नव्हता. तो पिण्याच्या पाण्याचा आणि मलनिःसारणाचा झाला होता. परंतु मानापमानाच्या वादात गुंतलेल्या चर्चेत या आकड्यांकडेही प्रथम बदनामी म्हणूनच पाहिले गेले. नाव देणाऱ्यांनी इतिहासाकडे दुर्लक्ष केले, आक्षेप घेणाऱ्यांनी नाल्याकडे.

तुलनाकाराला यातील पेच परिचित वाटेल. साहित्यकृतीचे उगमस्थान निश्चित केले की तिचा अर्थ हाती लागतो, ही समजूत आदानप्रदानाच्या अभ्यासाने केव्हाच शिथिल केली आहे. हे जनुकही प्लाझ्मिडवर स्वार होऊन एका जीवाणूतून दुसऱ्यात आणि प्रवाशांबरोबर एका देशातून दुसऱ्यात जाते. संक्रमण हाच त्याचा स्वभाव आहे. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या मानवी रोगांना स्थळनामे देऊ नयेत अशी सूचना केली. ती रोगांपुरती होती. ‘एनडीएम’मधील दिल्ली आद्याक्षरात आक्रसून राहिली आहे, आणि त्या आद्याक्षराबद्दल जेवढे बोलले गेले, तेवढे त्या ५१ नमुन्यांबद्दल बोलले गेले नाही.