बायण्याची बाई

लेकीने मुंबईत ‘हेरिटेज वॉक’ला नेलं, तेव्हा वाटलं देवळं-वाडे दाखवतील. निघाला कामाठीपुरा! सर्वणच्या बाईने इथं काय बघायचं, असं मनात आलंच.

वाटाड्या मुलगा मात्र जाणता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने समुद्र अडला, सखल जमीन राहण्याजोगी झाली. निजामाच्या मुलखातून तेलुगू कामाठी आले, त्यांनी मुंबई बांधली. त्यांचं नाव उरलं ते या वस्तीला. ‘प्लेहाऊस’चं लोकांनी ‘पिला हाऊस’ केलं. इंग्रजी अमदानीत युरोपातल्या बाया जिथे होत्या, ती सफेद गल्ली. ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) इथलाच.

फोटो काढायचे नाहीत, ही त्याची पहिली अट. पण नजर कुठे ठेवायची? दारातल्या एकीने विचारलं, “मावशी, कुठल्या?”

“गोव्याच्या.”

“मी बायण्याला होते. बुलडोझर येईपर्यंत.”

जून २००४. वास्कोची ती वस्ती पाडल्याची बातमी मी सोप्यावर बसून वाचली होती, आणि शेजारणीला म्हणाले होते, “बरं झालं गे.” त्या बाया गेल्या कुठे, हे काही विचारलं नव्हतं.

तिने स्टूल पुढे सरकवलं. मंडळी पुढच्या गल्लीत वळली होती. मी बसले.