बिल्ला कोणाचा, मत कोणाचे?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पक्षाचा माणूस निवडणुकीत पक्षाचा प्रचार करतो, त्यात विचारण्यासारखे काही नाही. पण जी संघटना पक्ष नाही, जिने कापसाच्या भावासाठी सगळ्या पक्षांची माणसे एका सतरंजीवर बसवली, तिच्या कार्यकर्त्याने निवडणुकीत काय करावे? स्वतः उभे राहावे का? दुसऱ्यासाठी मते मागावीत का? आणि मागताना छातीवरचा बिल्ला तसाच ठेवावा, की काढून खिशात टाकावा?

प्रश्न साधा वाटतो. पण आपल्या बुलडाणा जिल्ह्याने आणि एकूणच महाराष्ट्राने गेल्या चाळीस वर्षांत शेतकरी चळवळीतली जी मोठी भांडणे पाहिली, त्यातली बरीचशी या बिल्ल्यापाशी येऊन थांबतात. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून सुरुवात केली आणि १९७९मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. १९८०मध्ये नाशिक जिल्ह्यातले ऊस-कांद्याचे आंदोलन झाले आणि लाल बिल्ला महाराष्ट्रभर पोचला. विदर्भात तो कापसाच्या बोंडावर बसून आला. आपल्याकडे १९७२पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. म्हणजे कापूस पिकवायचा आपण, पण विकायचा फक्त सरकारला. मलकापूर किंवा जळगाव जामोदच्या शेतकऱ्याला मध्य प्रदेशाची हद्द हाकेच्या अंतरावर. तिकडे भाव बरा असला तरी गाडी तिकडे वळवली की तो गुन्हा. भाव ठरवणार सरकार, तोलणार सरकार, चुकाराही देणार सरकार. मग भावाचे भांडण सरकारशी, आणि सरकार तर मतांवर बसलेले. संघटनेने कितीही म्हटले की आमचा राजकारणाशी संबंध नाही, तरी राजकारण काट्यावर उभेच होते.

सुरुवातीची रीत सोपी होती. कोणत्याही पक्षाच्या माणसाने यावे, फक्त पक्षाचे जोडे उंबऱ्याबाहेर काढून यावे. पैनगंगेकाठच्या आमच्या गावात काँग्रेसचा माणूसही बिल्ला लावायचा, रिपब्लिकनही लावायचा आणि जनसंघाच्या घरातला तरुणही. संघटनेचा कार्यक्रम एकच, शेतमालाला रास्त भाव. म्हणून एकमेकांची बाकीची मते विचारायची गरजच पडत नव्हती. मी मते मागायला आलो तर मला जोड्याने मारा, अशा अर्थाचे शरद जोशींचे एक वाक्य त्या काळात गाजले. पुढे विरोधकांनी ते त्यांच्यावरच फार वापरले.

पण उंबऱ्याबाहेरचे जोडे फार दिवस बाहेर राहिले नाहीत. डिसेंबर १९८४च्या लोकसभेला आणि त्यानंतरच्या १९८५च्या विधानसभेला संघटनेने सत्ताधारी काँग्रेसच्या विरोधात मत देण्याचे आवाहन केले. हिशेब असा, की भाव पाडणारा सत्तेवर आहे, त्याला पाडू शकेल त्याच्या पारड्यात वजन टाका. कागदावर हिशेब बरोबर होता. गावात मात्र पारावरचा प्रश्न वेगळा होता. एका म्हाताऱ्याने कार्यकर्त्याला विचारलेले मला आठवते, ‘‘बिल्ला तं लावला बाप्पा तुह्यासाठी, पन घरात दोन पिढ्यांपासून काँग्रेस हाये, त्याचं काय करू?’’ कार्यकर्त्याकडे उत्तर नव्हते. त्या वर्षी इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत आपल्या जिल्ह्यातून पंचविशीतले मुकुल वासनिक काँग्रेसच्या तिकिटावर खासदार झाले. ज्या गावांनी संघटनेच्या सभेला बैलगाड्या भरून माणसे पाठवली होती, त्या गावांतूनही काँग्रेसला मते पडली. सभेची गर्दी आणि पेटीतले मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हाच मिळायला हवा होता.

आता थोडे माझ्या घरचे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमची कोरडवाहू पट्टी. अब्बा कापूस लावायचे आणि सदऱ्याला बिल्ला. निवडणूक आली की मोहल्ल्यात येणारा प्रत्येक पुढारी आम्हाला मुसलमान म्हणून भेटायचा. कोणी गोड बोलून, कोणी भीती घालून. बिल्लेवाले तेवढे आम्हाला कापूसवाले म्हणून भेटायचे. कवडी कापसाला किती कटती धरली, चुकारा कधीचा राहिला, एवढेच बोलणे. एखाद्या माणसाला नुसते त्याच्या कामाने ओळखले जाणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे ज्याला तसे ओळखले जात नाही त्यालाच कळते.

म्हणून १९८७ साल आम्हाला विसरता येत नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात तेव्हा धर्माच्या नावाने मते मागणारे राजकारण खेड्यापाड्यांत शिरत होते. काँग्रेसवर रागावलेला शेतकरी तिकडे वळू लागला होता. आता ‘काँग्रेसला पाडू शकेल त्याला मत’ हे जुने सूत्र तसेच चालवायचे का? संघटनेने ते चालवले नाही. शरद जोशींनी ‘जातीयवादाचा भस्मासूर’ या नावाची पुस्तिका लिहिली. त्या वर्षीच्या नांदेड लोकसभा पोटनिवडणुकीत संघटना प्रकाश आंबेडकरांच्या बाजूने उभी राहिली. जागा अशोक चव्हाणांनी जिंकली. पण पाठिंबा देताना नुसते कोण जिंकेल एवढेच न पाहता कोणाबरोबर बसायचे नाही हेही संघटनेने ठरवले, हे आमच्या अब्बांसारख्या हजारो बिल्लेवाल्यांनी पाहिले. पुढे १९८९मध्ये आपल्याच जिल्ह्यातून भाजपचे सुखदेव काळे निवडून आले. म्हणजे रागाचे पाणी संघटनेने खणलेल्या पाटानेच वाहिले असे नाही. तरी पाट कोणत्या दिशेने खणला होता, याला महत्त्व आहेच.

याच काळातले एक उदाहरण फार चांगले आहे. नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन झाले. लाखांनी बाया आल्या. पंचायत राज्याच्या निवडणुका बायांनी लढवायच्या, असे तिथे उघड मांडवात ठरले. जिल्हा परिषदांच्या निवडणुका सरकार लांबवतच गेले. १९७९नंतर त्या झाल्या थेट १९९२मध्ये. पण ग्रामपंचायती हाती होत्या. १९८९मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्याला सगळ्याच्या सगळ्या पंच बाया निवडून आल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी. इथे संघटनेच्या माणसांनी प्रचार केला, बिल्ला लावून केला, आणि संघटना फुटली नाही. का? कारण उमेदवारी कोणा एकाच्या मनात आधी उगवली नव्हती. निर्णय आधी झाला, तोही सगळ्यांसमोर, आणि उमेदवार नंतर आले.

नेहमी उलटे होते. आधी माणूस ठरतो, मग त्याच्यासाठी निर्णय शोधला जातो.

१९९०च्या विधानसभेला संघटनेची माणसे जनता दलाच्या चिन्हावर लढली आणि काही आमदारही झाली. व्ही. पी. सिंगांच्या सरकारने शरद जोशींना कृषी सल्लागार समितीचे अध्यक्ष केले. मग १० नोव्हेंबर १९९१ला आपल्या शेगावला मेळावा झाला. मी तेव्हा बी.ए.च्या वर्गात होतो. खामगावच्या रस्त्याने माणसांनी लोंबलेले ट्रक येत होते, आणि गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेले वारकरी कोणते नि बिल्लेवाले कोणते, हे ओळखू येत नव्हते. त्या दिवशी शरद जोशी चतुरंग शेतीवर बोलले. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. म्हणजे सरकारच्या तोंडाकडे न बघता शेतकऱ्याने स्वतःच्या पायावर कसे उभे राहायचे, त्याचा हिशेब. माझ्याशेजारी बसलेला गडी मात्र परतताना एकच विचारत होता, ‘‘म्हंजे आता मत मागाले येनार नाई ना?’’

आले. १९९४मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला. विचार असा असावा, की संघटना संघटनेच्या जागी, पक्ष पक्षाच्या जागी. मतांचा गोठा वेगळा बांधला की घर स्वच्छ राहील. पण गावाने दोन दारे मानलीच नाहीत. तेच पुढारी, तेच कार्यकर्ते, त्याच जीपगाड्या. १९९५च्या विधानसभेला खुद्द शरद जोशीही पडले. मते मिळाली नाहीत, हे नुकसान लहान. मोठे नुकसान असे झाले, की दुसऱ्या पक्षाचा जो माणूस जोडे बाहेर काढून आत यायचा, तो आता उंबऱ्यावरच थबकू लागला. आत एक पक्ष बसलेला त्याला दिसत होता.

मग २००४ आले. स्वतंत्र भारत पक्ष भाजप-शिवसेनेच्या बाजूला गेला आणि त्यांच्या पाठिंब्यावर शरद जोशी राज्यसभेत गेले. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. संसदेत शेतकऱ्याची बाजू आकडेवारीने मांडणारा एक तरी माणूस हवा, आणि तिथे पोचायला कोणाची तरी शिडी लागतेच. पण भस्मासुरावर पुस्तिका लिहिणारा हात त्या शिडीला लागलेला पाहून आमच्या मोहल्ल्यात कोणी काही बोलले नाही. अब्बांनी बिल्ला काढला, फडक्यात गुंडाळला आणि पेटीत जमिनीच्या कागदांशेजारी ठेवला. फेकला नाही.

त्याच वळणावर राजू शेट्टी बाहेर पडले आणि २००४मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटना निघाली. नवी संघटना, जुनाच प्रश्न. २०१४मध्ये स्वाभिमानी महायुतीत गेली. २०१६मध्ये सदाभाऊ खोत मंत्री झाले, आणि २०१७मध्ये मंत्रिपद की संघटना यावरून त्यांची हकालपट्टी झाली. त्यांनी रयत क्रांती काढली. आपले रविकांत तुपकर स्वाभिमानीचे. २०१९च्या विधानसभेच्या तोंडावर ते रयत क्रांतीत गेले आणि महिन्याच्या आत परत आले. त्यानंतर सोयाबीन-कापसासाठी त्यांनी जिल्ह्यात मोठी आंदोलने केली, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले.

२०२४च्या लोकसभेला ते अपक्ष उभे राहिले. त्या वर्षी आचारसंहितेमुळे भेंडवळच्या घटमांडणीनेही राजकारणाचे भाकीत टाळले. पण भाकिताची गरज नव्हती, गावोगाव वर्गणी गोळा होताना दिसत होती. तुपकरांना सुमारे अडीच लाख मते पडली. ते तिसरे आले. निवडून आलेले प्रतापराव जाधव आणि दुसरे आलेले नरेंद्र खेडेकर यांच्यात अंतर होते तीस हजारांच्या आतले. कोणत्याही मोठ्या पक्षाशिवाय अडीच लाख मते, ही आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली साधी गोष्ट नव्हे. आणि दोन-तीन महिन्यांत, जुलै २०२४मध्ये, स्वाभिमानीने त्यांना संघटनेबाहेर काढले. त्यांनी क्रांतिकारी शेतकरी संघटना हे नाव घेतले. कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा करायला मी बसलेलो नाही. मला दिसते ते एवढेच, की एवढ्या मतांचा माणूस आणि एवढी जुनी संघटना यांच्यात, निवडणुकीत कोणी कसे वागायचे याची दोघांनी आधी मान्य केलेली चौकट उभी नव्हती.

चौकट घालता येते का? पंजाबकडे बघा. दिल्लीच्या वेशीवरचे आंदोलन जिंकल्यावर डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या बावीस संघटनांनी बलबीरसिंग राजेवाल यांच्या नेतृत्वाखाली निवडणूक लढवायचे ठरवले. संयुक्त किसान मोर्चाने लगेच जाहीर केले, की लढणारे लढोत, पण मोर्चाचे नाव वापरायचे नाही आणि लढणाऱ्या संघटना तूर्त मोर्चात नाहीत. २०२२च्या निवडणुकीत त्यांची एकही जागा आली नाही, राजेवालांची अनामतही गेली. पण तो पराभव मोर्चाच्या नावावर लिहिला गेला नाही. नियम कडक होता, काहींना तो कठोरही वाटला. पण तो आधी सांगितलेला होता आणि सगळ्यांना सारखा होता.

मी कवी माणूस, घटना लिहिणारा नव्हे. तरी मला वाटते, तीन गोष्टी पुरेशा आहेत. ज्याला उभे राहायचे त्याने जरूर राहावे, तो त्याचा हक्क आहे, पण निकालापर्यंत संघटनेचे पद खाली ठेवावे. संघटनेचा पाठिंबा द्यायचा तर तो नेत्याच्या फोनवर न ठरता तालुक्याच्या उघड बैठकीत, कारणे सांगून ठरावा, चांदवडच्या मांडवात ठरला तसा. आणि निवडणूक झाल्यावर ज्याने वेगळे मत दिले त्यालाही सतरंजीवर तीच जागा असावी. कारण बिल्ल्याला वजन आले ते एका पुढाऱ्यामुळे नव्हे. १९८६मध्ये सुरेगावला कापूस आंदोलनात गोळीबार झाला, तीन शेतकरी मेले. ते कोणत्या पक्षाचे होते, हे तेव्हा कोणी विचारले नव्हते.

नोव्हेंबर २०२४मध्ये विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली जात होता. गावातल्या एकाच पारावर तीन संघटनांची माणसे बसलेली होती. तिघांचा भाव एकच होता. तिघे एकमेकांशी बोलत नव्हते.